युरियाचं पाणी

"आगं सूनबाई, खेकड्यानं बांध पोखरला, त्याला मी काय करू?" सखाराम आबा दात कोरत म्हणाले.

माधवीनं कडेवरची छकुली सावरली. कार्ल्याच्या डोंगराखाली तिच्या सासरचं भातखाचर वरच्या अंगाला, चुलत सासऱ्याचं, या आबांचं, त्याला लागून खाली. काल तिनं आणि सासूनं, झुंबरबाईंनी, भाताला युरिया फेकून पाणी कोंडलं होतं. सकाळी खाचर कोरडं. खतासकट पाणी आबांकडं. दरसाली असंच. वरचं भात पिवळंफटक, खालचं काळपट हिरवं.

"खेकडा फावड्यानं उकरतो व्हय?" झुंबरबाई कडाडल्या.

"बगितलंस का? मंग बोल." आबा हसले.

बघायला कोण बसणार? नवरा कंपनीत पाळीला, सासूचे गुडघे धरलेले, आणि लेकरू टाकून बांधावर जायचं म्हटलं की माधवीचा जीव थाऱ्यावर राहत नसे. पण त्या हसण्यानं तिच्या अंगाची लाही झाली.

बी.एस्सी. झाल्यावर नोकरी करायची राहिली, तरी छोटे बोर्ड आणि वायरी जोडायचा नाद सुटला नव्हता. छकुली झोपली की ती मोबाईलवरच्या एआयला विचारून कोड लिहायची. 'पाणी उतरलं की भोंगा वाजला पाहिजे.' त्यानं कोड दिला. तिनं खाचरात तरंगता डबा सोडला, बांधावरच्या जांभळीवर भोंगा टांगला. दुपारीच डब्यावर बेडूक उडाला आणि भोंगा कोकलला.

"सूनबाईनं बेडकावर पहारा बसवला रं!" आबांनी आळीभर केलं.

माधवी पुन्हा लिहायला बसली. 'बेडकानं पाणी हलतं, पण जागेवर येतं. झिरपतं ते सावकाश. बांध फोडला की भराभरा उतरतच जातं.' एआयनं कोड बदलला: पाणी भराभर, सलग उतरत राहिलं, तरच बोंब.

'भोंग्याऐवजी माणसाचा आवाज घालता येईल?'

'येईल.'

माधवीनं सासूपुढं मोबाईल धरला. "आई, तुम्हाला आबांना काय बोलायचंय ते यात बोला."

"समदं?"

"समदं."

झुंबरबाईंनी पदर खोचला. मध्ये एकदा पाणी प्यायल्या, तेवढाच खंड.

पुढचा युरिया टाकून येताना माधवी मुद्दाम आबांच्या दारावरून आली. "आबा, खत टाकलंय हो. खेकड्यांकडं बघा जरा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शिवार दणाणलं. "आरं सख्या, मुडद्या! भावजयीच्या ताटात हात घालतोस? किडं पडतील तुज्या हाताला!"

डेअरीला निघालेली माणसं किटल्या ठेवून धावली. आबा गुडघाभर चिखलात, हातात फावडं, पुढ्यात फोडलेला बांध. माधवीही छकुलीला घेऊन पोचली.

"बंद कर गं ते, बाई!"

"बंद व्हत न्हाई, आबा." माधवी त्यांच्याच बोलीत म्हणाली. "पानी उतरायचं थांबलं की आपसूक थांबतं."

बंद करायचं बटण तिच्या मोबाईलवर होतं. तिनं बोट लावलं नाही.

आबा ढेकळं लोटू लागले. वरून भोंग्यातल्या झुंबरबाई त्यांचं लग्न, त्यांची वाटणी, त्यांनी पळवलेली कोंबडी, सगळं काढत होत्या. जमलेल्यातली शेजारची शकुबाई पोट धरून हसत म्हणाली, "भावजी, डावीकडनं आजून व्हातंय बगा!" आबांनी तिथंही हातानं चिखल लिंपला.

पाणी थांबलं. घोटाभर तरी वाचलं होतं. भोंगा मधेच गप्प झाला.

आबांनी कपाळाचा चिखल पुसला, तोच बांधाच्या टोकाला काठी टेकत खुद्द झुंबरबाई उगवल्या, आणि भोंगा जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू झाल्या.