गळती किधर है

"मॅडम, आप यकीन नहीं करेंगी," उल्हास म्हणाला, आणि टेबलाखाली सुनेत्रानं पायाची बोटं आवळली.

या वाक्यानंतर नवरा कुठवर जाऊ शकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. याच वाक्यानंतर त्यानं पहाडगंजातल्या एका हॉटेलच्या टाकीतून जिवंत मगर बाहेर काढली होती. ती मगर ऐकणाऱ्यागणिक वीतभर वाढत गेली आणि शेवटी तिच्या पोटातून मॅनेजरचं घड्याळही निघालं, चालू. तिथं कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऐकणारे हसत आणि वर चहा पाजत. इथं ऐकणारी बाई आयकर अधिकारी होती आणि तिनं अजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"जेवढं विचारतील तेवढंच बोला हं," सकाळी स्कूटरवर मागे बसून तिनं त्याला बजावलं होतं.

"आणि तू फक्त हो म्हण. तेवढंच काम आहे तुला. हिंदीत म्हण नाहीतर मराठीत, मान एकाच दिशेनं हलते."

मग मंडी हाउसचा गोल चक्कर येईपर्यंत तो गप्प राहिला, आणि गप्प उल्हास ही काही रोज दिसणारी गोष्ट नव्हती. चक्करावर तो बारीक आवाजात म्हणाला, "खर्च नामंजूर झाला ना, तर कर वाढेल, वर दंड. नोएडाचं दुकान विसरायचं मग."

दुकानाचं स्वप्न दोघांचं होतं. एक शटर, एक पाटी आणि आत फोन. म्हणजे घरातला फोन घराबाहेर जाईल आणि सुनेत्रा मोकळी होईल, असं त्या स्वप्नाचं तिच्या वाट्याचं टोक होतं.

सगळं त्या फोनमुळेच झालं होतं. घरात टेलिफोन असेल त्यानं उत्पन्नाचं विवरण भरायचं, असा सरकारनं नियम काढला. उल्हासचा फोन काही ऐषआराम नव्हता. यमुनेपलीकडे नव्या सोसायट्या धडाधड उभ्या राहत होत्या, आणि भिंतींचा रंग वाळायच्या आत त्यांना ओल येत होती. मयूर विहार, पटपडगंज, नोएडा, जिकडेतिकडे पाणी झिरपत होतं. उल्हास स्कूटरवर पाने-पाइप घेऊन नळदुरुस्तीला हिंडायचा आणि घरी ओट्याजवळ लांब वायरीचा फोन सुनेत्रा घ्यायची. पलीकडचं माणूस घाबरलेलं असायचं. ती तीन प्रश्न विचारायची. गळती किधर है? कब से है? पानी गरम है या ठंडा?

पहिल्या प्रश्नालाच लोक भडकायचे. दिल्लीच्या कानाला ळ ऐकूच येत नाही. "हमारी कोई गलती नहीं है जी, गलती बिल्डर की है," असं एका सरदारजींनी तिला चांगलं खडसावून सांगितलं होतं. हिंदीत त्याला काय म्हणतात हे तिला माहीत होतं, पण हातात पीठ आणि कानाला फोन असला की तोंडातून तोच शब्द यायचा.

विवरण भरायची वेळ आली तेव्हा हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या अण्णासाहेबांनी तोड काढून दिली. "खर्च दाखवा हो. पेट्रोल, हत्यारं, फोन. मदतनीस आहे का कोणी?"

"मदतनीस कुठला, अण्णासाहेब."

"मग दिवसभर फोन कोण घेतं?"

"ही घेते."

"मग पगार द्या की हिला. द्या आणि खर्चात दाखवा. घरातला पैसा घरातच."

द्या आणि दाखवा, असं अण्णासाहेब म्हणाले होते. उल्हासनं त्यातलं 'दाखवा' तेवढं घरी आणलं. महिन्याच्या महिन्याला तो पगाराची पावती पुढे करायचा आणि सुनेत्रा पोळपाट बाजूला सारून रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची.

आता त्या पावत्या विजयालक्ष्मी मॅडमपुढे होत्या. मूळच्या मदुरैच्या असाव्यात. अंबाड्यात मोगऱ्याची इवलीशी वेणी होती आणि हिंदी जपून, खडीवरून चालल्यासारखी.

"घर की औरत फोन उठाती है। यह नौकरी कैसे हुआ?"

"वही तो बता रहा हूँ, मॅडम," उल्हास पुढे सरकला. मग त्यानं त्यांना मयूर विहारच्या नवव्या मजल्यावर नेलं. बाथरूममधला पाइप फुटलाय, घरात एकटी म्हातारी, पाणी जिन्यावरून धबाधबा खाली. तिनं फोन केला तेव्हा उल्हास होता गाझियाबादला. सुनेत्रानं म्हातारीला सांगितलं, फोन पाइपाजवळ धरा. नुसता आवाज ऐकून ओळखलं की गळती गीझरच्या मागं आहे. कुठला कॉक कुठल्या बाजूनं फिरवायचा ते सांगितलं. पाणी बंद. तोवर नवव्या मजल्यावरच्या काचेच्या पेटीतले मासे पोहत पोहत तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरले होते आणि तिथल्या मांजरानं...

"फोन पे सुन के?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचा कशावरही विश्वास बसलेला दिसत नव्हता.

सुनेत्राला गंमत वाटली. मासे खोटे होते. मांजर तर होतंच खोटं. पण फोन पाइपाजवळ धरायला तिनं खरंच सांगितलं होतं. नवऱ्याच्या तोंडून ही गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती. घरी तो एवढंच म्हणाला होता, "बरं झालं, माझी चक्कर वाचली."

"और यह गळती क्या है?" मॅडमनी विचारलं.

सुनेत्रानं चमकून वर पाहिलं. ळ. स्वच्छ, जीभ टाळूला लावून उच्चारलेला. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण मराठी नसलेल्या कुणाच्या तोंडून तो ऐकल्याचं तिला आठवेना.

"टंकी से पानी निकलता है, लेकिन नल तक पहुँचता नहीं," तीच म्हणाली. "बीच में कहीं चला जाता है। उसको हमारे यहाँ गळती कहते हैं।"

"अच्छा." मॅडमनी मान हलवली. पावत्यांचा गठ्ठा त्यांनी हातात घेतला, आणि उल्हासच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला. "काम मान लिया। तनख्वाह सच में देते हो?"

"पहली तारीख को, मॅडम. लिफाफे में."

इथं थांबला असता तर निभावलं असतं. पण ऐकणारं माणूस वाकून ऐकायला लागलं की उल्हासला थांबणं जमत नसे. लिफाफा गुलाबी झाला. त्यावर हळदीकुंकू आलं. सुनेत्रा नको नको म्हणते आणि तो तिच्या हातात कोंबतो, असं झालं.

"और आप यकीन नहीं करेंगी, पिछले साल सांगली में इसके भाई की शादी थी। ये अपनी पगार से गई। फर्स्ट क्लास से। भाई के लिए सोने की अंगूठी ले गई। मैंने कहा, मैं देता हूँ। बोली, नहीं, मेरी कमाई है।"

त्या अंगठीत त्यानं पुष्कराजही बसवला.

सुनेत्राला ती अंगठी दिसली. अगदी अशीच तिनं निवडली असती. लग्नाच्या दिवशी ती ओट्याजवळ उभी होती. सांगलीहून थोरल्या वहिनीनं मांडवातल्या फोनचा रिसीव्हर वर धरला होता आणि सुनेत्रा कानात मंगलाष्टकं साठवत होती. शेवटचं कडवं यायच्या आत उल्हासनं मनगटाकडे बोट दाखवलं होतं. "आटप. कुणाचा तरी फोन येत असेल." त्याच्या आदल्या रात्री तिनं त्या महिन्याच्या पावतीवर सही केली होती. जायचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, या वर्षी जमत नाही, आणि तू गेलीस तर फोन कोण घेणार?

"सही बात है?" मॅडम आता तिच्याकडे पाहत होत्या.

उल्हासही पाहत होता. तिची मान हलण्याची वाट बघत. मान हलली की दुकान, शटर, पाटी.

"मैं गई नहीं थी," सुनेत्रा म्हणाली.

"मतलब?"

"सांगली। अंगूठी भी नहीं ली। लिफाफा मैंने कभी देखा नहीं।"

उल्हासनं घसा खाकरला. "मॅडम, ज़रा गलती हो गई, वो इसको ठीक से..."

"गलती नहीं," सुनेत्रा म्हणाली. "गळती."

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. पावत्या नीट जुळवल्या, त्यांच्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कब से है?"

फोनवर हा प्रश्न विचारला की समोरचं माणूस हमखास अडखळायचं. सुनेत्रा अडखळली नाही.

"फोन लगा, तब से."