उजवी दांडी

आमच्या सासऱ्यांना दोन मुलगे झाले आणि दोघांच्याही हाताला कानस कधी धरवली नाही. थोरला विम्यात गेला, धाकटा नकाशे काढणाऱ्या कचेरीत. मग घरात जे कोणी उरलं होतं त्यांना सासऱ्यांनी चष्म्याच्या फ्रेमा करायला शिकवलं. उरलो होतो आम्ही दोघी जावा. वहिनींना कापायला, घासायला, वाकवायला शिकवलं. मला पॉलिश करायला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला, कारण वहिनींशी बोललेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नसे.

सासरे गेले, कारखाना राहिला. कारखाना म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी वहिनींचं टेबल, त्यावर कानशी, करवती आणि गरम वाळूची परात. फ्रेमेची दांडी त्या वाळूत खुपसली की मऊ होते आणि हवी तशी वाकते. मागच्या खोलीत एक लाकडी पिंप सतत फिरत असतं. आत लाकडाचा चुरा आणि फ्रेमा. चार दिवस फिरल्या की त्यांना चकाकी येते. पिंपाची खळखळ बंद पडली की आम्ही दोघी दचकतो.

काम मुख्यतः एका मोठ्या फॅशन कंपनीचं. हंगामाआधी त्यांची चित्रं येतात आणि आम्ही पहिले नमुने करून देतो. दांडीच्या आतल्या बाजूला नाव त्यांचं असतं. आमचं नाव कुठेच नसतं. वहिनींना ते बरं वाटतं. नाव नसलं की तक्रार घेऊन कोणी जिना चढत नाही.

कंपनीतर्फे एक गृहस्थ येत. त्यांच्या कार्डावर सल्लागार असं लिहिलंय, म्हणून आम्ही त्यांना सल्लागारच म्हणतो. त्यांची नजर उत्तम आहे. तरी ते चष्मा लावत, आणि दर वेळी वेगळा.

एके दिवशी डोक्याला मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुम्ही एका कानाचा चष्मा करता का?"

"एका कानाचा म्हणजे?" मी विचारलं.

सरांनी मफलर सोडला. उजवा कान नव्हता. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत काढावा लागला होता.

"ऐकू येतं," ते म्हणाले. "फक्त कान नाही. आता बघा, चष्म्याला तीन आधार लागतात. नाक, हा कान, तो कान. तीन बिंदू मिळाले की प्रतल ठरतं. दोन बिंदूंनी काय ठरतं?"

"काय?"

"नुसती रेषा. चष्मा आमटीत पडतो."

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. इलॅस्टिक लावलं, तर आरशात पोहायला निघालेला माणूस दिसला. डोळ्यात घालायच्या काचा आणल्या, तर दिवसभर पाणी. एका दवाखान्यातून रबरी कानही आणला होता. दिसायला तो हुबेहूब होता, पण वजन घेईना. पहिल्याच दिवशी जेवताना चष्म्याबरोबर तोही आमटीत पडला. बायकोने डावाने काढून दिला आणि दोघांनी जेवण पुरं केलं. तेव्हापासून सर एका हाताने चष्मा धरून वाचत होते आणि पान उलटायला बायकोला हाक मारत होते.

वहिनी उठल्या, सरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन बोटं त्यांच्या कवटीवरून फिरवायला सुरुवात केली. फळीतली गाठ चाचपतात तशी.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"तिथे जरा."

"मग तिथून न्यायची नाही," वहिनी म्हणाल्या. म्हणजे काम घेतलं होतं.

पाच आठवडे लागले. सरांच्या डोक्याच्या मागच्या बाजूचा प्लास्टरचा ठसा घेतला. पहिली दांडी घट्ट झाली, सरांचं डोकं दुखलं. दुसरी सैल झाली, खाली वाकले की घसरायची. मग वहिनींना ठशावर एक खळगा सापडला. कान असायच्या जागेच्या मागे, दोन बोटं खाली. त्यांनी उजवी दांडी लांब केली, डोक्याच्या वळणाने मागे नेली आणि तिचं टोक चमच्यासारखं चपटं करून त्या खळग्यात टेकवलं. आत पोलादी तार घातली. चष्म्याचा तोल डावीकडे जावा म्हणून डावी बाजू किंचित जाड ठेवली. टोकाला जाडी हवी म्हणून मधाच्या रंगाचा एक थर आणि गडद तपकिरी एक थर असे दोन चिकटवले, ते घासल्यावर वळणावर दोन्ही रंग एकमेकांत उतरत गेले. वहिनींनी ती फ्रेम सुंदर करायला घेतली नव्हती. ती झाली.

सरांनी चष्मा लावला.

"खाली बघा," वहिनी म्हणाल्या. सरांनी बघितलं.

"मान हलवा. आता शिंका."

"अशी ठरवून शिंक येत नाही हो."

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा जिना चढून आले आणि सकाळी दोनदा शिंक आली, चष्मा हलला नाही, एवढं सांगून गेले.

वहिनी अशा कामाची नेहमी एक जास्तीची फ्रेम करून ठेवतात, मोडली तर पुढे अडायला नको म्हणून. ती टेबलावर पडली होती. पुढच्या खेपेला आले तेव्हा सल्लागारांनी ती उचलली, उलटसुलट केली, खिडकीपाशी नेली.

"हे डिझाइन कुणाचं?"

"कान काढणाऱ्या डॉक्टरांचं," वहिनी म्हणाल्या.

पण तोवर सल्लागार फोनवर तिचा फोटो काढण्यात गुंतले होते. "दोन दिवस बघायला नेऊ का?" त्यांनी मला विचारलं. मला, वहिनींना नाही. मी दिली. हे मी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आपल्या कामाकडे कोणी इतकं बघतंय याचं मला कौतुक वाटलं होतं. अकरा दिवसांनी फ्रेम परत आली, पुसून, छान कापडात गुंडाळून.

चार महिन्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात, काचेमागे, ती फ्रेम होती. एक नाही, रांगेने नऊ. मागे पुरुषभर उंचीचं पोस्टर. त्यात एक मुलगी उजवीकडून दिसत होती. तिला कान होता. दांडी त्या कानावरून जाऊन मागे चमच्यासारखी टेकली होती, म्हणजे टेकल्यासारखी दिसत होती.

मी घरी येऊन वहिनींना सांगितलं. वहिनी कामाच्या वेळी बाहेर पडत नाहीत, पण त्या दिवशी चप्पल घालून आल्या. काचेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं आता माझी खैर नाही.

"बिजागरी स्वस्तातली घातलीय," त्या म्हणाल्या आणि परत निघाल्या.

रस्ताभर एवढंच. पण मला ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं.

फ्रेम धडाधड खपली. अडचण एवढीच होती की कंपनीने आमची जास्तीची फ्रेम यंत्राखाली ठेवून जशीच्या तशी उतरवली होती. म्हणजे त्या शेकडो फ्रेमा सरांच्या डोक्याच्या होत्या. बाकीच्यांची डोकी वेगळी होती. कुणाला तासाभरात ठणका लागे, कुणाच्या मानेवर तो चमचा नुसता लोंबे. तरी लोक घालत राहिले. दुखतंय म्हणजे चांगलं असणार, असा काहीतरी हिशोब असावा. मग एका संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईंचा चष्मा ऐन बातमीत सुटून कागदांवर पडला. बातमी पुराची होती. बाई गंभीरच राहिल्या, पण बघणारे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फ्रेमा परत यायला लागल्या.

सल्लागार आमच्याकडे आले ते पहिल्यांदाच चष्म्याशिवाय. चेहरा ओळखू येईना.

"वहिनी, ती फ्रेम कुणालाच बसत नाही."

"एकाला बसते."

"कुणाला?"

"ज्याची आहे त्याला."

मग मी सगळं सांगितलं. मफलर, आमटी, खळगा. सल्लागार ऐकता ऐकता स्टुलावर बसले. त्यांचा स्वतःचा हात आपोआप आपल्या कानाकडे गेला होता.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खरंच. मी विचारलं होतं की कुणाचं डिझाइन म्हणून."

"विचारलंत," वहिनी म्हणाल्या. "उत्तराला थांबला नाहीत."

कंपनीची विनंती अशी होती की ज्यांनी फ्रेम घेतलीय त्यांना आमच्याकडे पाठवायचं आणि वहिनींनी प्रत्येकाच्या डोक्याप्रमाणे दांडी वाकवून द्यायची. वहिनी म्हणाल्या, आधी सरांना विचारावं लागेल. आणि माझ्याकडे बघितलं. सल्लागारांना फ्रेम कोणी दिली हे त्यांना ठाऊक होतं. एवढे महिने एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

सरांच्या घरी मी एकटी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. सर खिडकीशी वाचत बसले होते, दोन्ही हात पुस्तकाला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, माझी चूक झाली. फ्रेम मी दिली."

"बसा आधी," सर म्हणाले.

"आम्हाला माहितीय," त्यांची बायको म्हणाली. "मीच दुकानात बघून आले. घरी येऊन म्हटलं, अहो, तुमचं डोकं विकायला ठेवलंय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण सर हसत नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं.

"राग नाही आला," ते म्हणाले. "पण मला वाटलं होतं, निदान ही अडचण तरी माझी एकट्याची आहे. तीसुद्धा काढून घेतली म्हटल्यावर जरा कसंतरी झालं."

त्यांची बायको उगाच टेबलावरची बशी सरळ करत राहिली. मी खाली मान घालून रडत होते, हे मला नाकावरून थेंब पडल्यावर कळलं.

"रडताय कशाला?" सर म्हणाले. "माझी तक्रार वेगळीच आहे. त्या पोस्टरातल्या मुलीला कान आहे. कान असलेल्या माणसाला तशी दांडी कशाला? नुसतं उत्तर लिहिलंय, प्रश्न कुठे आहे? वर्गात कोणी असं लिहिलं तर मी शून्य द्यायचो."

"मग काय करायचं, सर?"

"प्रश्न लावा म्हणावं तिथे. माझा फोटो. उजवीकडून."

"अहो!" बायको म्हणाली.

"काय अहो? त्या बाजूचं जायचं ते गेलंय. आता आणखी काय जाणार?"

वहिनींनी तीच अट सल्लागारांना सांगितली. आणखी एक शब्द घातला नाही. सल्लागारांनी कंपनीला कळवलं. कंपनीने आधी विचारलं, थोडं अंधारात घेतलं तर चालेल का. सर म्हणाले, आकृती स्पष्ट हवी. मग विचारलं, केसांनी थोडं झाकलं तर? सरांनी त्यांना आपलं टक्कल दाखवलं. शेवटी कंपनी कबूल झाली, आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, त्यात सल्लागार सगळ्यात जास्त भांडले.

फोटोच्या वेळी सर, सल्लागार, वहिनी आणि मी असे आम्ही चौघं होतो. फोटोवाला सारखा म्हणे, "सर, जरा हसा."

"का?"

फोटो तसाच निघाला, नेहमीच्या शर्टात, फळ्याकडे बघतात तसं समोर बघताना. जिथे कान असायचा तिथे गुळगुळीत त्वचा आणि व्रणाची रेघ, आणि तिच्यावरून मागे गेलेली मधाच्या रंगाची दांडी. पोस्टर लागलं त्या दिवशी सरांची बायको काचेसमोर बराच वेळ उभी होती. "कॉलर दुमडलीय," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाली, "एवढे लोक होते तिथे, कुणाला कॉलर दिसू नये?"

त्यानंतरचे दोन महिने जिन्यावर रांग होती. मी यादी बघून नाव घ्यायची, वहिनी डोकं चाचपायच्या, दांडी वाळूत जायची. दोनशेच्या वर डोकी हाताखालून गेली. एक तरी गोल असेल असं वाटलं होतं. गर्दीच्या दिवशी वीस डोकी एकट्या वहिनींना झेपेनात, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला वाळूपाशी बसवलं. "हाताने नाही, नजरेने वाकव," एवढंच शिकवलं. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण दांड्या वाकतात.

रांग ओसरत आली होती तेव्हा एका मंगळवारी एक चाळिशीची बाई आली. यादीत तिचं नाव नव्हतं. एका बाजूचे केस तिने खांद्यापर्यंत पुढे घेतले होते.

"फ्रेम दाखवा," मी म्हटलं.

"फ्रेम नाहीये माझ्याकडे. मी ते पोस्टर बघून आलेय."

ती दाराजवळच उभी राहिली. रांगेत आणखी दोघं होते. मी त्यांना मागच्या खोलीत पिंप बघायला नेणार होते, तेवढ्यात तिने स्वतःच केस मागे सारले.

"डावा आहे," ती म्हणाली. "म्हणजे, नाहीये. जन्मापासूनच. तुमचं सगळं उजवीकडचं दिसतंय. डावीकडचं होईल का?"

वहिनी उठल्या, हात पुसले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"वाचायला हवाय, की लांबचं बघायला?"

"नाटक बघायला," बाई म्हणाली. "आतापर्यंत पहिल्या रांगेत बसून बघत आलेय."

"पहिल्या रांगेत मान दुखते," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.