कमलाकांत कॉम्प्युटर्स

बोईसरमध्ये इंटरनेट पहिल्यांदा आणलं चंद्रकांताने आणि कोळगावच्या समारंभात ‘संगणकयुगाचे आद्य प्रवर्तक’ म्हणून शाल मिळणार होती तिच्या नवऱ्याला. चूक तिचीच. त्यांच्या मुरबे गावात कोळी बोटीला देवाचं नाहीतर घरातल्या माणसाचं नाव देतात, म्हणून तिनेही त्या काळी आपल्या दोन कॉम्प्युटरांच्या गाळ्यावर मोठ्या हौसेने पाटी लावली: कमलाकांत कॉम्प्युटर्स. तेव्हा कमलाकांत बोटीवर होता. माऊसला त्याने अजूनही हात लावलेला नाही.

त्या गाळ्यात ती मोडेमपाशी तासन्‌तास बसायची. लाईन तुटली की पुन्हा जोडायची, पुन्हा तुटायची. कारखान्यातल्या पोरांना तिने ईमेल शिकवलं, शेजारच्या पाम गावातल्या मुलींना टायपिंग. बाईला वेड लागलंय, असं लोक तोंडावर म्हणायचे. वेडी ठरायला ती एकटी आणि कौतुकाला नवरा! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

“अगं, ते सगळं मी केलंय,” तिने संयोजक हेतलला दारातच गाठून सांगितलं.

“हो ना काकी, घरच्यांची साथ लागतेच,” हेतल गोड हसली आणि तिला पहिल्या रांगेत बसवून निघून गेली.

कमलाकांत मात्र सरळ माणूस. शाल अंगावर पडताच त्याने माईक धरला. “मना यातला काय कलत नाय. मी मासे मारले. मशिनी हिनी आणल्या, पोरांना हिनी शिकवला. शाल हिला द्या.”

चंद्रकांता उठायला लागली. तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बघा, केवढा हा मोठेपणा!” निवेदक पुढे सरसावला. “सगळं श्रेय पत्नीला!”

“नाय ओ, खराच सांगतो,” कमलाकांत म्हणत राहिला, तशा टाळ्या वाढतच गेल्या. लोक उभे राहिले. मग तिलाही वर बोलावलं, खणानारळाने तिची ओटी भरली आणि फोटोच्या वेळी जरा बाजूला व्हायला सांगितलं.

परतताना रिक्षात त्याने शाल तिच्या मांडीवर ठेवली. “मी सांगितला ना गो सगला?”

“सांगितला.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. “तुमी खोटा बोलले असते त मी भांडली तरी असती. आता भांडू कोणाशी?”