मावशींचा गुबगुब्या

"अख्खं ऑपरेशन थिएटर तयार केलं आम्ही," मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "पोरीनं बिल्ला गिळला म्हणून. आणि बिल्ला तुमच्या कोटावर."

एक्स-रेमध्ये पोरीच्या छातीवर पांढरा गोल उमटला होता, मागच्या पिनेसकट.

"चूक माझी," एक्स-रे काढणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मुठीत धरायला मीच दिला. ऐन वेळी तिनं मूठ छातीशी नेली, माझ्या लक्षात आलं नाही. दुसरा फोटो काढून दिलाय."

मावशींची ही जुनी रीत. रडणाऱ्या पोराच्या मुठीत बिल्ला द्यायचा आणि सांगायचं, तू हललास तर हा पडेल. बिल्ल्यावर गुबगुब्या पेंग्विन होता. एके काळी त्याच्या कार्टूनपायी पोरं जेवणाचं ताट विसरायची. त्याला पडू द्यायला कुणाचंच मन धजत नसे.

डॉक्टर वाकून कोटावरचा बिल्ला बघू लागले. आवाज एकदम मऊ झाला.

"निळा टाय? हा तर पहिल्या खेपेचा. माझ्या मुलाकडे सगळे आहेत, एवढाच नाही. द्या त्याला. काचेच्या पेटीत जपून राहील. इथं नुसते ओरखडे पडतायत."

ओरखडे पोरांच्या नखांचे होते. पहिला मावशींच्या लेकीचा. आजारपणात ती याच टेबलावर एक्स-रेसाठी कितीदा तरी झोपली होती. शेवटच्या खेपेला तिनं दप्तरावरचा बिल्ला काढून आईच्या कोटाला लावला आणि वर दटावलं, "आता तू रडायचं नाहीस." दप्तर घरी परत गेलं, लेक गेली नाही. मावशी त्यानंतर घरी पोटभर रडल्या, पण कोट अंगावर असताना कधीच नाही.

"काचेत ठेवायला तो काही मेलेला नाही, साहेब."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग ते कडक झाले. "कोटावर पुन्हा दिसला, तर जप्त करीन."

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम आले. कोट मोकळा होता. टेबलावर एक चिमुरडी हुंदके देत पडली होती, आणि समोरच्या कापडी पडद्याला, बरोबर तिच्या नजरेसमोर, पिनेनं लावलेला गुबगुब्या.

"हे काय, मावशी?"

"कोटावर नाही. कुणाच्या हातात नाही. फोटोत येणार नाही इतका लांब आहे. आणखी काही राहिलं का?"

डॉक्टर बिल्ला काढायला पडद्याकडे निघाले.

"बाहेर व्हा साहेब," मावशी म्हणाल्या. "मशीन सुरू करतेय. खोलीत पेशंटशिवाय कुणी थांबायचं नसतं. नियम तुमचाच आहे."

ते गेले. मावशींनी दार लावलं, काचेमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याच्याकडे बघ, बाळा. त्यानं श्वास रोखलाय. आता तू रोख."

हुंदके थांबले. मावशींचा हात सवयीनं स्वतःच्या छातीशी गेला. पिवळट पडलेल्या कोटावर तेवढी एक गोल जागा नव्यासारखी पांढरी होती. तिथं हात तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं बटण दाबलं.