एकतीस वर्षांची गाठ

मी टाय बोलतोय. गडद निळा, रेशमी, आणि खरं सांगायचं तर माणसांना विटलेला.

एकतीस वर्षं मी मालवणातल्या एका प्राध्यापकांकडे आहे. सर पीएच.डी. आहेत. कोल्हापूरच्या दुकानदाराने माझी पहिली गाठ बांधली, तीच शेवटची. सर ती सैल करत, मला डोक्यावरून काढत आणि कपाटातल्या खिळ्याला टांगत, बैलाचं दावं टांगावं तसं. गावाला मात्र वाटायचं, टाय बांधावा तर सरांनीच.

म्हणून शेजारचा धनेश आला. अकरा वाजता मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने, हॉटेलच्या नोकरीची मुलाखत होती आणि टाय सक्तीचा होता. "सर, तुमचो टाय तुमीच बांधून देवा," तो म्हणाला.

सरांनी मला कपाटातून काढलं आणि ते थिजलेच. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीने, सुगंधाबाईंनी, मळकट गाठ सोडून मला साबणाच्या पाण्यात बुचकळलं होतं.

सरांनी मला तीनदा धनेशच्या गळ्यात घातलं. एकदा मी मांडीपर्यंत लोंबलो, एकदा हनुवटीखालीच संपलो. "हवा दमट आहे, रेशीम ऐकत नाही," सर म्हणाले. दोष माझा! शिकलेल्या माणसाला 'येत नाही' म्हणण्यापेक्षा हवामान सोपं वाटतं. कदाचित मी अन्याय करत असेन. हवा खरंच दमट होती. पण आपलं नाव राखण्यासाठी ते दुसऱ्याची नोकरी घालवत होते, हेही तितकंच खरं.

पावणेअकराला धनेशचा बाप बाबली डोकावला. "काय ओ, खंय अडला?"

सरांनी मला धनेशच्या गळ्यातून काढलं. मग म्हणाले, "बाबली, माका टाय बांधूक येणा नाय. पयल्यापासून येणा नाय."

"मगे पयलाच सांगूचा नाय? माका वाटला, पोराचो गळो आवळतास!"

बाबली मासेमारीची जाळी दुरुस्त करतो. तो पायरीवर बसला, त्याने पाय लांब केला आणि मला चक्क पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं. जाळं असंच ताणतात म्हणे. रेशमाची काय ही इज्जत! पण मग तो माझ्या अंगावरच्या घड्यांकडे बघू लागला. एकतीस वर्षांच्या घड्या, धुऊनही न गेलेल्या. मला त्यांची लाज वाटायची.

"जुन्या जाळ्यात दोरो खंयसून गेलो, ता दिसता. ह्येच्यातय दिसता."

घडीमागून घडी धरत त्याने मला पुन्हा गाठीत आणलं. अकराला दोन मिनिटं होती.

धनेशला नोकरी लागली. हॉटेलने त्याला गणवेशाबरोबर टाय दिला, आधीच बांधलेला, मागे हूक लावलेला! अशी ही माणसं.

आता सर रोज सकाळी मला घेऊन बाबलीच्या पायरीवर जातात. "सर, रुंद टोक धरा, रुंद! माशाची शेपटी धरतास काय?" बाबली ओरडतो, आणि सत्तरीचे सर निमूट रुंद टोक धरतात.

माणसांबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त एक विनंती आहे. आज सरांनी एकट्याने मला बांधलंय. गाठ वाकडी आहे, ढोबळी मिरचीएवढी जाड आहे, आणि बाबली ती सोडून नीट करायला हात पुढे करतोय. त्याला कुणीतरी थांबवा.