न जळणारी तार

मी एक ट्रान्सफॉर्मर बोलतो आहे. रस्त्यावरच्या खांबावरचा नव्हे. चपलांच्या खोक्यात मावेल एवढा, घरगुती. भिंतीतून येणाऱ्या दोनशे तीस व्होल्टचा आवेग अंगावर घ्यावा आणि पलीकडे सौम्य एकशे दहा द्यावे, एवढेच माझे व्रत.

अहिल्यानगरच्या काकासाहेबांनी मला घडवले. लोखंडी पट्ट्यांवर तांब्याचे वेढे घालताना त्यांच्या ओठी नामस्मरण असे. शेवटी त्यांनी काचेच्या नळीतली केसाएवढी तार बसवली आणि देवळाली प्रवराच्या सायमन गुरुजींना म्हणाले, "हा फ्यूज. संकट आलं की आधी हा जळंल, बाकीचं वाचंल. याच्या जागी दुसरं काही घालू नका."

गुरुजी हसले. "दुसऱ्यांसाठी मरणारा आमच्या ओळखीचा आहे, काकासाहेब."

गुरुजींकडे एका अमेरिकन पाहुण्याने मागे ठेवलेला टेपरेकॉर्डर होता, एकशे दहावरच चालणारा. त्याच्या एकुलत्या एका फितीवर गुरुजींच्या दिवंगत आईचा, प्रार्थनाबाईंचा, आवाज होता. अभंगाच्या चालीत स्वतः रचलेले प्रभूचे भजन.

काल गुरुजींची थोरली बहीण दयाआक्का शेवगावहून आली. "चाळीस वर्सं झाली रं आईचा आवाज ऐकून. एकदा ऐकव."

आज सकाळी यंत्र लावताच फ्यूज जळाला. दुसरा घातला, तोही गेला. यंत्राच्या पोटातले काहीतरी कुजले होते आणि माझ्याकडून भलतीच वीज ओढत होते. काकासाहेबांनी फोनवर बजावले, "गुरुवारी येतो. तवर हात लावू नका."

"दुपारच्या यष्टीनं मी चालले," आक्का म्हणाल्या. "ह्या वयात पुन्हा येनं व्हतंय का?"

गुरुजींनी जुन्या वायरीतली जाड तांब्याची तार तोडली आणि फ्यूजच्या जागी पिळून बसवली.

"शाळेत पोरांना असं करू नका म्हनायचास ना?"

"म्हणायचो. म्हणून तर करता येतंय, आक्का."

फीत फिरली. प्रार्थनाबाई गाऊ लागल्या आणि दोघांची मान खाली झुकली. या घरात भजन चालू असता कोणी उठत नाही, कडवे पुरे होईतो शब्द काढत नाही. ती शिस्त प्रार्थनाबाईंचीच.

माझे वेढे तापले आहेत. त्यांवरचे रोगण पाझरू लागले आहे. अंगावर घातलेला विणलेला रुमाल कडेने तपकिरी होत चालला, आणि त्याला लागूनच खिडकीचा पडदा आहे. वेळेवर येणारे मरण ही कृपा असते. ती माझ्यातून काढून घेतली गेली. आता माझ्यात आधी जळणारे कोणी उरले नाही.

गुरुजींचे डोळे मिटलेले. आक्कांना मात्र वास आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

बोला, आक्का. आईची आज्ञा आज मोडा. नुसते बटण बंद करायला सांगा.

आक्कांनी तोंड उघडले, आणि पदर ओठांशी धरून पुन्हा मिटले. कडव्याच्या दोन ओळी राहिल्या आहेत. माझ्यापाशी तेवढा वेळ नाही.