फुगडीचा जोर

आमच्या ह्यांनी माझा अख्खा आठवडा पैजेवर लावला, आणि मला इचारलंसुद्धा न्हाई.

हे म्हणजे सुभेदार लालासाहेब. फौजेतनं रिटायर होऊन जमाना झाला, पण घरात अजून ऑर्डरी सोडतात. मी बी काय कमी न्हाई. दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलाय, भल्याभल्यांना सुया टोचल्यात.

झालं असं. दिवाळीत ह्यांची थोरली बहीण, आमच्या क्रांतीवन्सं, सांगलीस्नं आल्या हुत्या. जेवणं झाली, आणि वन्संनी इषय काढला. "लाला, साताऱ्यात आता काय ठेवलंय तुमचं? पोरगा तिकडं बंगलोरात. माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय. या की दोघं."

साताऱ्यात काय ठेवलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सोमवारी सकाळी बॅडमिंटन असतं माझं, जोडीला अख्तरबी. आमच्या गल्लीतली बांगड्यांच्या दुकानवाली. गुडघं दुखतात म्हणून रडती आणि स्मॅश मारताना हवेत उडती. मंगळवारी अजिंक्यतारा चढायचा, वर बसून थालीपीठ खायचं आणि समद्यांच्या सुनांची उजळणी करायची. मधी एखाद्या दिवशी गाडी काढून यवतेश्वर, न्हाईतर कास. तवा हे बी येतात, त्यांचा व्हॉलीबॉलवाल्या म्हाताऱ्यांचा कंपू घेऊन. साठीनंतर मिळालेलं आयुष्य हाय हे. आधीचं समदं ड्यूटीत आणि ह्यांच्या बदल्यांत गेलं. ते सोडून मी काय सांगलीच्या फ्लॅटात भडंगातलं शेंगदाणं निवडत बसू?

हे सरळ न्हाई म्हणले असते तर मिटलं असतं. पण थोरल्या बहिणीला न्हाई म्हणायची ह्यांची छाती न्हाई. शत्रूपुढं हुती, तिच्यापुढं न्हाई. मग ह्यांनी फौजी डोकं चालवलं. सांगलीला दर थंडीत साठीपुढच्या बायकांची रस्सीखेच असती, आणि वन्सं तिथल्या कप्तान. त्यांची टीम हरलेली कुणी बघितली न्हाई.

"आक्का," हे म्हणले, "औंदा आमच्या साताऱ्याच्या बायका येतील. जिंकल्या तर फ्लॅटचा इषय बंद. हरल्या तर गुढीपाडव्याला सामानासकट तुझ्या दारात."

वन्सं खो खो हसल्या. "ही वडूजची काडी ओढणार व्हय मला?"

लगीन झाल्यापासनं त्या मला काडीच म्हणतात. माझं माहेर दुष्काळी मुलखातलं, अंगावर मास न्हाई, आणि ह्यांच्याकडं उसाचा मळा. मी आतनं सुपारी घेऊन येईस्तवर ह्यांनी टाळी देऊन शब्द दिला हुता. आणि ह्यांच्या घराण्यात दिलेला शब्द माघारी येत न्हाई.

वन्सं गेल्यावर मी भांडले. "आवं, शब्द तुमचा, पण आठवडा माझा हाय!"

"घाबरतीस काय? ट्रेनिंग मी देतो."

आणि दिलं की. रोज संध्याकाळी मैदानावर आमी आठ बायका, एक जाडजूड दोर आणि ह्यांची शिट्टी. "एक, दो, तीन, खींच! मनगटात जोर! खांद्यातनं ओढा!" आमी ओढायचो. तळहाताला फोड आले, खांदं आखडले. अख्तरबी हळद लावून यायची आणि तरी ओढताना समद्यांत मोठा आवाज तिचाच असायचा. समोर सरावाला म्हाताऱ्यांचा कंपू उभा करायचे, ते आमाला हसत हसत ओढून न्यायचे. "होईल, होईल," हे म्हणायचे. मला रात्रंदिवस पाडवा दिसायचा.

रस्सीखेचीच्या रविवारी सांगलीचं मैदान माणसांनी भरलं हुतं. वन्सं दोराच्या शेवटाला कंबरेला वेढा मारून उभ्या, पदर खोचलेला, पायात पांढरे बूट. आमच्याकडनं शेवटाला मी. तीन डावांतलं दोन जिंकायचं. शिट्टी झाली, आमच्या ह्यांनी "खींच!" म्हणून आरोळी ठोकली, आमी खांद्यातनं जोर लावला, आणि दुसऱ्याच क्षणाला समद्या तोंडावर. लोकं खिदळली. वन्संनी तिकडनं हाक दिली, "काडे, पेट्या भरल्यास न्हवं?"

मी मातीतच बसले. अख्तरबी जवळ आली, तिचे डोळे भरलेले. "राजेश्वरी, तू गेलीस तर सोमवारी मी कुणाबरूबर खेळू गं?"

तोवर हे पळत आले. "मनगटात जोर न्हाई तुमच्या!"

"आवं," मी इचारलं, "तुमी फौजेत दोर ओढलाय का कवा?"

हे जरा घुटमळले. "म्हणजे... बघितलीय की रस्सीखेच. आमी व्हॉलीबॉलला हुतो."

अरं देवा! इतकं दिवस आमी एका व्हॉलीबॉलवाल्याचं ऐकून हात सोलून घेतलं. मला हसावं का रडावं कळंना. अख्तरबीनं मला उठवायला दोन्ही हात पुढं केले, मी हातांची कैची करून धरले आणि उठता उठता माझे चवडे तिच्या चवड्यांना भिडले. ती मागं रेलली, मी मागं रेलले. दोघींचं समदं वजन हवेत, आणि कुणी पडंना. आमी एकमेकींकडं बघत राहिलो.

"अगं," मी म्हणले, "ही तर फुगडी!"

अख्तरबी पाटणची. तिच्या आळीत नागपंचमीला हिंदू-मुसलमान समद्या पोरी फेर धरायच्या. तिला सांगावं लागलं न्हाई. फुगडीत कोण हातानं ओढतंय व्हय? हात नुसतं धरायला. अंग मागं टाकायचं, टाचा रोवायच्या आणि पुढचीवर भरवसा ठेवायचा. मी समद्यांना गोळा केलं. "बायांनो, ओढायचं बंद. फुगडीगत मागं रेला आणि तोंडानं फूं-पकचा पकवा घाला. पकव्याच्या ठेक्याला टाच मागं."

"हे काय चाललंय?" हे मधी आले. "ऐका, एक, दो..."

"तुमी गप बसा!"

अख्ख्या मैदानानं ऐकलं. उभ्या संसारात मी ह्यांना चारचौघांत असं बोलले न्हवते. ह्यांनी शिट्टी खिशात घातली आणि खरंच गप बसले.

दुसरा डाव. आठजणी मागं रेललो. "फूं... फूं... पक... पक..." लोकं आधी हसली. मग हसू थांबलं, कारण दोरावरचं लाल फडकं आमच्याकडं सरकाय लागलं. तिकडच्या बायका हिसके देत हुत्या, दमत हुत्या. आमी टाच रोवायची, फूं करायचं, टाच मागं न्यायची. डाव आमचा!

तिसऱ्याला वन्संनी दात-ओठ खाल्लं. फडकं मधीच अडून बसलं. माझी कंबर तुटाय आली, तळहाताचा फोड फुटला. डोळ्यापुढं अजिंक्यताऱ्यावरची सकाळ आली आणि मी ओरडले, "पोरींनो, पंचमी हाय आज! सोडू नका!" साठीच्या पुढच्या समद्या पोरीच झाल्या. आमच्या पकव्याला बघणाऱ्या बायकांनी पकवा दिला, सांगलीच्याच बायकांनी! तिकडची एक घसरली, मग दुसरी, आणि शेवटाला पांढरे बूट फरफटत रेघेच्या अलीकडं आले. आमी समद्या एकमेकींवर पडलो. अख्तरबी गुडघं इसरून नाचत हुती. आणि आमचं सुभेदार उभ्यानं रडत हुते, बेशरमासारखं, समद्यांसमोर.

"मला बी न्हवतं जायचं गं," हे माझ्या कानात म्हणले. आता सांगतायत!

वन्सं अजून मातीतच बसल्या हुत्या. मी जाऊन हात पुढं केला. टोमणा येणार म्हणून मी तयार हुते.

"जिंकलीस गं," त्या म्हणल्या. मग बुटाची माती झाडत हळूच बोलल्या, "तुमच्या त्या सोमवारच्या खेळाला एखादी जागा असती का रिकामी? आमचे हे गेल्यापासनं घर खायला उठतंय मला. म्हणून म्हणलं, शेजारी याल."

माझा राग कुठल्या कुठं गेला. एवढी दांडगी बाई, आणि एवढी साधी गोष्ट तिला तोंडानं मागता आली न्हाई! "आवं वन्सं, मग चला की साताऱ्याला. आजच चला. पाडवा आमच्यात करा, मन भरंस्तवर ऱ्हावा. मंगळवारी गड चढायचा, कुरकुर चालायची न्हाई."

"चढीन." त्यांनी नाक वर केलं. "आणि पुढच्या वर्षी दोराच्या शेवटाला कोण उभं ऱ्हाणार?"

"काडीच ऱ्हाणार," मी म्हणले.

वन्संनी माझ्याकडं बघितलं, मग माझे दोन्ही हात कैची करून गच्च धरले आणि उठून माझ्या चवड्यांना चवडे जुळवले. "घाल मग," त्या म्हणल्या, आणि भर मैदानात आमी नणंद-भावजया फुगडीला लागलो.